हात ढिला सोडा: पॅडकडून पाळीच्या कपाकडं येताना

आम्ही कासार. औशात सहा बाय आठचं बांगड्यांचं दुकान आहे, पण नुसत्या दुकानावर घर चालत नाही म्हणून आठवड्यातले तीन दिवस मी आसपासच्या गावांचे बाजार करते. पोतं अंथरायचं, पेट्या उघडायच्या आणि सकाळी नऊपासून दिवस मावळेपर्यंत मांडी घालून बसायचं. बाजारात बाईनं लघवीला कुठं जावं हेच जिथं कुणी ठरवलेलं नसतं, तिथं पॅड बदलायला आडोसा कुठून येणार?

पाळीत मी दोन पॅड एकावर एक लावायचे. उन्हाळ्यात जांघा सोलवटून निघायच्या. बदललंच तर जुनं पॅड कागदात, कागद पिशवीत, पिशवी पेटीखाली, आणि रात्री घरी आणून सकाळी घंटागाडीत. एका यात्रेत दुकान लावलं होतं तेव्हा दुसऱ्या दिवशी तेरा तास जागचं उठता आलं नाही. उठले तर पोत्यावर डाग. शेजारच्या खेळणीवाल्याला तो दिसला असावा. त्यानं काही न बोलता स्वतःचं एक रिकामं पोतं माझ्या पोत्यावर टाकलं आणि पाठ करून बसला. त्याचं नाव मला अजून माहीत नाही.

भाची तेव्हा लातूरला नर्सिंग शिकत होती. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "मामी, कप वापर की. आमच्या हॉस्टेलात चौघी वापरतेत." पुढच्या सुट्टीत येताना ती एक घेऊनच आली. याला आता पाच वर्षं होतील. बांगड्या भरता भरता बायका माझ्याशी सगळं बोलतात, त्यामुळं तेव्हापासून निदान तीस-चाळीस जणींना मी हे तोंडी सांगितलंय. आता एकदा लिहूनच ठेवते.

आधी वस्तू काय आहे ते

देवघरातली घंटा उलटी धरा. तसाच आकार, फक्त मऊ सिलिकॉनचा, आणि वर धरायच्या दांड्याच्या जागी खाली एक छोटं शेपूट. पॅड रक्त शोषतं, कप ते नुसतं साठवतो. आत, म्हणजे योनीमार्गात, बसला की कडेनं हवाबंद होतो. जास्तीत जास्त बारा तास ठेवायचा, काढायचा, ओतायचा, धुवायचा, परत घालायचा. पाळी संपली की उकळून ठेवून द्यायचा. लघवीला आणि संडासला जाताना काढावा लागत नाही, कारण लघवीची वाट वेगळी. ही गोष्ट मला दोन लेकरं होऊनही नीट माहीत नव्हती, ते इथं कबूल करते.

ही कालची फॅशन पण नाही. अमेरिकेत लिओना चामर्स नावाच्या नटीनं १९३७ सालीच रबरी कपाचं पेटंट घेतलं होतं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातली कुंबलंगी ग्रामपंचायत जानेवारी २०२२ मध्ये पॅडमुक्त गाव म्हणून जाहीर झाली, ती तिथल्या बायकांना कप वाटून. आपल्याकडं मात्र औषधाच्या दुकानात मागितला की पोरगा आधी चहाचा कप समजतो.

कुणी घाई करू नये

हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी तडक मागवायला जाईल.

तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल तर ज्यांनी बसवली त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप घालू नका. कप ओढताना तांबी जागची हलू शकते, दोऱ्याला हिसका बसू शकतो. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाला कप चालत नाही. सहा आठवडे जाऊ द्या आणि तपासणी झाल्यावर सुरू करा. अंग बाहेर येत असेल, खालची काही शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, खाज-वास-दह्यासारखं पांढरं जाणं चालू असेल, तर आधी उपचार. काही कप रबराचे, म्हणजे लॅटेक्सचे असतात. फुगा किंवा रबरी हातमोजा लागून ज्यांना पुरळ येतं त्यांनी ते टाळावेत. रोजच्या पांढऱ्या पाण्यासाठी कप घालून बसायचं नाही, तो पाळीपुरताच.

आणि कप असो नाहीतर दुसरं काही, पाळीत एकाएकी मोठा ताप, उलटी, चक्कर, अंगावर लाल पुरळ असं सगळं एकदम आलं तर कप काढायचा आणि थेट दवाखाना गाठायचा, डॉक्टरांना कप वापरते हे सांगायचं. फार क्वचित होतं, पण झालं तर वाट बघण्यातलं नाही.

माप

बांगडीचं माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. हात बघितला की मला कळतं. कपाचं तसं नाही, वरून बघून कुणाचं काही कळत नाही. जाड बाईला मोठा आणि बारीक बाईला लहान, हा हिशेब इथं चुकतो.

डबीवर साधारण लहान, मध्यम, मोठा असं असतं. ढोबळ रीत अशी की ज्यांचं बाळंतपण झालेलं नाही त्यांना लहान, आणि नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांना किंवा जास्त अंगावरून जाणाऱ्यांना त्याच्या पुढचा. पण त्याहून उपयोगाचं माप आपल्याच बोटावर आहे. पाळी चालू असताना हात साबणानं धुवा, उकिडव्या बसा आणि मधलं बोट हळू आत घाला. वर नाकाच्या शेंड्यासारखं काहीतरी घट्ट-गुळगुळीत लागेल. ते गर्भाशयाचं तोंड. बोटाच्या एका पेरावरच लागलं तर ते खाली आहे, तुम्हाला आखूड कप हवा. दोन पेरं गेल्यावर लागलं तर बहुतेक कप चालतील. बोट पूर्ण जाऊनही लागेना तर लांब कप घ्या. पाळीच्या वेगवेगळ्या दिवशी ते थोडं खाली-वर होतं म्हणून दोन दिवस बघा.

"असलं बोट घालून कोण बघत बसंल माय!" एका वहिनीनं मला तोंडावर सांगितलं. मी म्हणलं, नका बघू. पण मग कप पण नका घेऊ, कारण कपाला बोट आत घालावंच लागतं. तिथं लाजून भागत नाही. ज्यांना ते नकोसं वाटतं त्यांनी सुती कापडी पॅड वापरावेत, धुऊन कडक उन्हात वाळवावेत. त्यात कमीपणा काही नाही.

घेताना डबीवर मेडिकल ग्रेड सिलिकॉन लिहिलंय का बघा, आणि उघडल्यावर टायरसारखा वास आला तर परत करा. मला माझा ३८० रुपयांना पडला. त्याआधी महिन्याला पॅडचे ऐंशी-नव्वद रुपये जायचे, म्हणजे पाच महिन्यांत पैसे फिटले.

उकळणं, आणि भगुन्यावरून झालेलं भांडण

पहिल्यांदा घालायच्या आधी आणि दर पाळीच्या आधी-नंतर कप उकळायचा. बुडेल एवढं पाणी, उकळी फुटल्यापासून पाच ते सात मिनिटं. कप भांड्याच्या बुडाला टेकून राहिला तर करपतो, म्हणून त्याला ताक घुसळायच्या छोट्या तारेच्या रवीत अडकवून सोडा किंवा तिथंच उभं राहून चमच्यानं हलवत राहा. तिथंच उभं राहा, हे दोनदा लिहिते. माझी एक गिऱ्हाइकीण कप गॅसवर ठेवून मालिका बघायला गेली. पाणी आटलं, कप गेला, वर घरभर धूर.

आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की भगुन्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. तो कपावरही बसतो. म्हणून मी फिल्टरच्या जारचं तांब्याभर पाणी घेते. डेटॉल, सॅनिटायझर, ब्लीच, वासाचा साबण यातलं काही कपाला लावायचं नाही. सिलिकॉन खराब होतं आणि आतली कातडी चुरचुरते. खोबरेल तेल लावून घालायचं पण कुणी कुणी सांगतं. नको. पाण्यानं ओला केला की पुरतं.

आता भांडण. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, मला स्वयंपाकघरात गॅसवर हे उकळताना पकडलं. "ह्या गॅसवर मी देवाचा निवद करते!" चार दिवस अबोला. मी वेगळं अॅल्युमिनियमचं छोटं भगुनं घेतलं, त्याला खुणेची लाल बांगडी बांधली आणि मागच्या अंगणात चुलीवर उकळायला लागले. वाद मिटला. वेगळं भांडं हवंच असं नाही, उकळल्यावर त्यात काही राहत नाही. पण तुमच्याही घरात आत्याबाई असतील तर एक छोटं भगुनं घ्या आणि डोक्याचा ताप वाचवा.

घालणं

नखं आधी कापा. माझी कायम कापलेलीच असतात. काचेच्या धंद्यात नख वाढवून चालत नाही.

पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी, घरी, घाई नसताना करा. बाजाराच्या किंवा लग्नाच्या दिवशी नको. रक्त चांगलं जात असेल तो दिवस बरा, कोरड्यात सरकत नाही. हात धुवा, कप धुवा, ओलाच ठेवा. उकिडव्या बसा, देशी संडासात आपल्याला ही सवय जन्माची आहे.

दुमडायच्या दोन पद्धती पुरे. एक, कप चपटा करून मधोमध दुमडायचा, म्हणजे तोंडाचा आकार अर्धचंद्रासारखा होतो. दुसरी, कडेचा एक भाग बोटानं आत बुडापर्यंत दाबायचा, म्हणजे टोक कळीसारखं निमुळतं होतं. मला दुसरी जमली, भाचीला पहिली जमते. दुमडलेला घट्ट धरायचा आणि तोंड वर ठेवून आत सरकवायचा. दिशा महत्त्वाची. आपल्याला वाटतं वाट सरळ डोक्याकडं जाते. ती मागं, माकडहाडाकडं जाते. बायका सरळ वर ढकलत बसतात आणि "जातच नाही" म्हणतात.

इथं माझा धंदा कामाला आला. नवी नवरी चुडा भरायला बसते तेव्हा तिचा हात लाकडासारखा ताठ असतो. मी म्हणते, "हात ढिला सोड, माय. तू ताणलास तर बांगडी वाढंल." (बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, पाळी आली म्हणायचं नाही, अडचण आली म्हणायचं. आपल्या भाषेत बाईच्या सगळ्या गोष्टींना असा पदर आहे.) मी तिच्याशी दुसरंच काहीतरी बोलत राहते, सासर कुठलं, पाहुणे किती आले, आणि बोलता बोलता बांगडी गाठीवरून उतरते. कप घालताना हेच. दात ओठ खाल्ले की खालचे स्नायू आवळतात. तोंडानं श्वास सोडा. जबडा ढिला सोडा. दोन प्रयत्न फसले तर उठा, पाणी प्या, पॅड लावा, उद्या बघा. मला तिसऱ्या दिवशी जमलं.

आत गेल्यावर बोटं काढली की कप उघडतो, कधी 'पक्' असं जाणवतं. बोट कडेनं फिरवून बघा. सगळीकडून गोल लागला तर उघडला, कुठं खाच लागली तर अजून दुमडलेला आहे. बुड धरून थोडा फिरवा. कप फार वर ढकलायचा नसतो, शेपूट आत राहिलं म्हणजे झालं. शेपूट टोचत असेल तर कप बाहेर काढून थोडं थोडं कापा, बुडाला कात्री लागू देऊ नका. काढायचा हात बसेपर्यंत न कापलेलंच बरं. बरोबर बसलेला कप जाणवत नाही. जाणवला, दुखला, तर तो चुकीचा बसलाय.

काढणं

सगळ्यात जास्त भीती इथंच, आणि सगळ्यात जास्त चूक मी इथंच केली.

पहिल्यांदा जमला त्या दिवशी दुपारी घातला, रात्री जेवून झोपले. तीन वाजता जाग आली आणि डोक्यात शिरलं की हे आता निघतंय का नाही. मोबाईलचा टॉर्च घेऊन संडासात गेले. शेपूट धरून ओढलं. येईना. जोरात ओढलं, तर आत कुणीतरी उलटं ओढतंय असं वाटलं आणि कळ आली. घाम फुटला. शेपूट बोटातून निसटलं आणि वर गेलं, हाताला लागेना. झालं! उद्या सकाळी औशाच्या दवाखान्यात सगळ्या गावासमोर काय सांगायचं, इथपर्यंत माझा विचार पोचला. बाहेरून नवऱ्याचा आवाज, "काय झालं गं?" मी म्हणलं, "काही नाही, झोपा तुम्ही." भाचीला फोन लावला. ती झोपेतच म्हणाली, "मामी, आधी हसून घे. ते कुठंबी जात नाही."

आणि खरंच जात नाही. ती जागा वरून बंद पिशवीसारखी आहे. वर गर्भाशयाचं तोंड, त्याचं छिद्र एवढंसं की त्यातून कप जाणं शक्यच नाही. पोटात जातो, हरवतो, काळजाला चिकटतो, हे सगळं ऐकीव.

तिनं सांगितलं ते असं. दहा मिनिटं काहीच करू नकोस. मग उकिडवी बस, गुडघे छातीकडं. संडासला जोर देतो तसा हळू जोर दे, कप आपोआप खाली येतो. शेपूट हा फक्त पत्ता सांगणारा दोरा आहे, ओढायचा नाही. त्याच्या वर कपाचं बुड लागेल. ते अंगठा आणि बोटानं चिमटीत दाब. दाबलं की कडेनं हवा शिरते आणि पकड सुटते. मग दाबलेलाच डावीकडं उजवीकडं हलवत खाली आण. तोंडाशी आल्यावर एक कड आधी काढ, मग दुसरी, आणि सरळ धर, नाहीतर सांडेल.

पाच मिनिटांत हातात होता. आतून मला एवढा राग आला स्वतःचा! दहा वर्षांच्या पोरी हातातली घट्ट बांगडी ओढून काढायला लागल्या की मी त्यांना रागावते, "ओढू नको, दाबून काढ." आणि स्वतः अंधारात शेपूट ओढत बसले.

तांबीवाल्यांना डॉक्टरांनी परवानगी दिली तरी हवा सोडल्याशिवाय ओढणं त्यांनी कधीच करू नये, हे यावरून कळलं असेल.

गळती

पहिले दोन-तीन महिने गळणारच असं धरून चला आणि सोबत पातळ पॅड किंवा कापडाची घडी ठेवा. कप पूर्ण उघडलेला नसणं हे बहुतेक वेळा कारण असतं. दुसरं, पोट साफ नसलं की आतडं कपाला बाजूनं दाबतं. तिसरं, कडेखाली जी बारीक छिद्रं असतात ती बुजलेली. पाण्याखाली ताणून धरा किंवा पाणी भरून तळव्यानं तोंड झाकून दाबा, छिद्रांतून चिळकांड्या उडाल्या की मोकळी झाली. हे सगळं करूनही दर वेळी गळत असेल तर माप बदला. कप घातल्यावर एखादा थेंब कपडा खराब करतो, तो आधीच वाटेत राहिलेला असतो, त्याला गळती समजू नका.

बाजाराच्या दिवशी

पहाटे सहाला रिकामा करून घालते, बाजार थोडा लवकर उठवून सहाच्या आत घरी येऊन काढते. दुसऱ्या दिवशी जास्त जातं म्हणून दुपारी एकदा लागतो. त्या गावात ओळखीचं एक घर ठरवून ठेवलंय, तिथं तांब्याभर पाणी मागायला लाज नाही. पिशवीत अर्ध्या लिटरची बाटली आणि साबणाची चकती. आधी हात धुवायचे, हे कधीच चुकवायचं नाही. मग काढा, संडासात ओता, बाटलीतल्या पाण्यानं धुवा, घाला. पाणी अगदीच कमी असेल तर हातासाठी ठेवा आणि कप स्वच्छ कागदानं पुसून घाला, घरी आल्यावर धुवा. शेतात असाल तर खड्ड्यात ओतून माती लोटा.

पाण्याचं सांगते. आम्ही लातूर जिल्ह्यातली माणसं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस आम्ही काढलेत. तेव्हा मी कापडाच्या घड्या वापरायचे, आणि एक घडी डाग जाईपर्यंत धुवायला बादलीभर पाणी लागायचं. धुणं टाळायला पॅड घेतले. कपाला दिवसाला दोन तांबे. आत्याबाईंनी तर त्याहून वाईट बघितलं: ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर त्या माहेरच्या माणसांबरोबर पत्र्याच्या शेडात महिनोन् महिने होत्या, तिथं चार कुटुंबांच्या पुरुषांसमोर घड्या वाळवायच्या कुठं? ओल्याच लावायच्या, नाहीतर साडीखाली झाकून वाळत टाकायच्या. हे त्यांनी मला अबोला सुटल्यावर सांगितलं.

येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, एक गंमत. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर शेतात, भज्जी, आंबील, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा. त्या वर्षी माझा दुसरा दिवस होता. एरवी मी घरी राहिले असते. कप होता, डाग नाही, वास नाही, दुखणं नाही. मी कुणाला काही सांगितलंच नाही. भज्जी मी वाढली, पूजेचं ताट मी धरलं. त्या वर्षी हरभरा बरा झाला.

किती गेलं ते दिसतं

पॅडवर अंदाज येत नाही, सगळं भयंकरच दिसतं. बऱ्याच कपांवर आतून रेघा असतात. कपात साधारण २० ते ३० मिलिलिटर मावतं. एका पाळीत सगळं मिळून ३० ते ४० जाणं नेहमीचं. ८० च्या वर जात असेल तर ते जास्त. मी तीन महिने वहीत लिहिलं. माझं नव्वद-पंच्याण्णव भरत होतं. तोपर्यंत मला वाटायचं दम लागणं म्हणजे वय झालं. वही घेऊन डॉक्टरीण बाईंकडं गेले, त्यांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेआठ. बाईचं बारा तरी हवं. गर्भाशयात गाठ निघाली, छोटी, गोळ्यांवर भागलं. पिशवी काढायचं कुणी बोललं तर दोन ठिकाणी विचारा, एवढं मी आता सगळ्यांना सांगते. शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायकांनी पाळीचा खाडा नको म्हणून पिशव्या काढून घेतल्या, ते २०१९ मध्ये सरकारला समिती नेमून मोजावं लागलं.

ऊसतोडीला जाणारी एक बाई दसऱ्याला माझ्याकडून बांगड्या आणि कप दोन्ही घेऊन गेली. गुढीपाडव्याला परत आली तेव्हा कप डबीतच होता. कोपीत एकांत नाही, पाण्याचा टँकर दोन दिवसाआड, आणि उकळायला भांडं एकच, त्यात भाकरीचं पीठ भिजायचं. मी तिला काय शिकवणार होते? कपाला पाणी कमी लागतं हे खरं, पण थोडं स्वच्छ पाणी आणि दाराला कडी लागतेच.

पोरींचं

माझी लेक चौदाची. आया विचारतात, लग्नाआधी चालतंय का? शरीराला चालतं, लहान मापाचा. आतला पडदा लवचीक असतो, सायकल चालवताना, पळतानाही ताणला जातो, कपानंही ताणला जाईल, एखादीचा फाटेलही. त्यावरून पोरीबद्दल काही कळत नाही, हे डॉक्टर सांगतात ते मीही सांगते. पण पोरीला स्वतःला वाटलं पाहिजे. माझी लेक म्हणते, "मला अजून नको." तिच्यासाठी कापडी पॅड शिवून आणलेत. संपला विषय.

ठेवायचा कसा

उकळून, पुसून, पूर्ण वाळवून सुती बटव्यात. प्लास्टिकच्या घट्ट डबीत ठेवला की दमट राहून वास येतो. डाग पडला तर धुऊन दोन तास उन्हात. पिवळसरपणा राहिला तरी बिघडत नाही. चीर गेली, चिकट लागायला लागला, भुकटीसारखं काही सुटायला लागलं, की बदलायचा. कंपन्या पाच ते दहा वर्षं सांगतात. माझा पाचव्यात आहे, रंगानं चहासारखा झालाय, पण कड शाबूत आहे. बटवा दुकानात दोन-सहाच्या हिरव्या बांगड्यांच्या पेटीमागं असतो. गिऱ्हाइकीण चुडा भरून झाल्यावरही उठेना आणि इकडंतिकडं बघायला लागली, की मी पेटी सरकवते.